वाटी बसल्याचा आवाज

नाडगौडाबाईंनी तानपुरा परत आणला तेव्हा मी स्टुलावर बसलो होतो. त्यांनी आधी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गवसणी सोडून तानपुरा खाली चटईवर आडवा ठेवला. पूर्वी त्याच चटईवर माझी बैठक असायची.

“छेडा,” त्या म्हणाल्या.

मला वाकता येत नव्हतं. माझा धाकटा भाऊ मेहबूब पुढे झाला आणि त्यानं चारही तारा छेडल्या. तारा सुरात होत्या, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तानपुरा सुरात असणं वेगळं आणि तो बोलणं वेगळं. बोलणाऱ्या तानपुऱ्याची तार छेडली की आवाज तिथल्या तिथे विझत नाही, उलगडत जातो, घुमत राहतो. त्याला आम्ही जवारी म्हणतो. भोपळ्यावर हाडाची छोटी घोडी असते, तारा तिच्यावरून जातात, आणि त्या घोडीची पाठ कानशीनं किती आणि कशी घासली यावर सगळी जवारी अवलंबून असते. हा तानपुरा नुसता टण् टण् करत होता.

“महिन्यापूर्वी जवारी तुम्हीच काढलीत ना, दस्तगीर?”

मी हो म्हणालो.

“तानपुरा तुमच्या अब्बांच्या हातचा. भोपळा तोच, दांडी तीच. मग गेलं काय? तुमचा कान?”

मिरजेत वाद्यं करणाऱ्या माणसाला भर कारखान्यात हे विचारणं म्हणजे आचाऱ्याला तुझी जीभ गेली का म्हणून विचारण्यासारखं आहे. पण बाईंना तो हक्क होता. साठी उलटलेली ही बाई सांगलीत गाणं शिकवायची, अब्बांच्या वेळेपासून आमच्याकडे यायची आणि कुणाचीही भीड ठेवायची नाही. तानपुरा इथेच ठेवून जाते म्हणाल्या. बोलायला लागला की निरोप पाठवा. नाही लागला तर तसंही सांगा, मग मी दुसरीकडे दाखवीन. चपला घालून त्या निघूनही गेल्या.

मेहबूब म्हणाला, बाईंचं वय झालं, त्यांनाच ऐकू येत नसेल. मी मान डोलावली. पण त्या वर्षातली ती तिसरी तक्रार होती, आणि मला सगळ्यात जास्त भीती याची वाटत होती की बाईंचं म्हणणं मला पटलं होतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा चालायचो. उजवा खुबा पार कामातून गेला होता. कारण सांगितलं की लोक हसायचे, म्हणून मी सांगायचो नाही. आता सांगतो. तंबोऱ्याचे भोपळे आम्ही मंगळवेढ्याकडून आणतो. बावीस वर्षांचा असताना मी भोपळ्यांनी भरलेल्या ट्रकवर, अगदी वर बसून येत होतो. एका वळणावर ट्रक कलला. शहाणा माणूस दोरी धरतो. मी दोन्ही हातांनी तीन पायल्यांचा एक सुरेख गोल भोपळा धरला, आणि त्याला पोटाशी घेऊन खाली आलो. भोपळ्याला तडासुद्धा गेला नाही. माझा खुबा मात्र वाटीतून निखळला. तो बसवला, जखम भरली, मीही विसरलो. वीस वर्षांनी तो व्याजासकट परत आला.

आमचं काम जमिनीवरचं. मांडी घालून बसायचं, एक गुडघा उभा धरायचा, भोपळा दोन्ही तळपायांत पकडायचा. जवारी काढताना तर भोपळा मांडीला टेकलेला हवा, कारण आवाज कानाइतकाच मांडीतूनही कळतो. खुबा आखडला आणि हे सगळं गेलं. खाली बसवायला एक माणूस लागायचा आणि उठवायला दोन. नमाज खुर्चीवर आली. मग मेहबूबनं मोठ्या मायेनं एक टेबल आणि एक स्टूल आणलं, आणि मी शाळेतल्या मास्तरासारखा त्या टेबलाशी बसून जवारी काढायला लागलो.

खुबा दुखतो हे मी सगळ्या गल्लीला सांगायचो. कान गेला असेल ही शंका मात्र मी कुणाला सांगितली नव्हती, माझ्या बायकोला, शमशादलाही नाही.

पण तिला दिसत होतंच. बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि सांगितलं की आता ऑपरेशनचा निकाल लागला पाहिजे. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, इथे मराठीत सांगतो.

“तुम्हाला दुखण्याची भीती नाही,” ती म्हणाली. “पाय बरा होऊनही काम जमलं नाही तर काय, याची भीती आहे.”

मी चहा बशीत ओतत राहिलो. बायकोला मन वाचता येतं ही गोष्ट नवऱ्याच्या सोयीची नसते.

याआधी मी दोन डॉक्टरांना दाखवलं होतं. दोघांचं म्हणणं एकच होतं, की खुब्याचा अख्खा सांधा बदलायचा, आणि नंतर मांडी घालणं, उकिडवं बसणं विसरायचं. खुर्चीवर बसून काम करा, काय बिघडलं? त्यांचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. त्यांना माझं काम ठाऊक नव्हतं इतकंच.

तिसरे डॉक्टर मगदूम. ते माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी एक्स-रे नंतर पाहिला. आधी विचारलं, काम काय करता आणि ते करताना बसता कसे. मी तोंडानं सांगायला लागलो तर म्हणाले, बसून दाखवा. मला कुठलं जमायला? शेवटी मेहबूब त्यांच्या खोलीत फरशीवर बसला, कचऱ्याची टोपली तळपायांत धरली आणि ती भोपळा आहे असं समजून हातवारे करायला लागला. नर्स दारातून हसत होती. डॉक्टर हसले नाहीत. खुर्चीतून उठून ते त्याच्या मांडीचा कोन दोन्ही बाजूंनी बघून आले.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये हा गोळा कापून काढतात आणि खालच्या हाडात दांडा ठोकतात. दुसरा एक प्रकार असतो, त्याला हिप रिसरफेसिंग म्हणतात. त्यात गोळा ठेवायचा. वरचा झिजलेला, खडबडीत झालेला थर तेवढा तासायचा आणि त्यावर धातूची टोपी चढवायची. वाटीतही पातळ धातूची दुसरी वाटी बसवायची. गोळा मूळच्याच आकाराचा मोठा राहतो, त्यामुळे तो निसटायची भीती कमी आणि हालचाल जास्त.

मी खिशातून एक जुनी घोडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. तिच्या पाठीवर तारांच्या चऱ्या पडल्या होत्या.

“ही उंटाच्या हाडाची आहे,” मी म्हणालो. “चऱ्या पडल्या म्हणून आम्ही घोडी टाकत नाही. पाठ घासतो, ती पुन्हा बोलायला लागते. तुम्ही माझ्या खुब्याची जवारी काढणार म्हणा की.”

डॉक्टरांनी घोडीवरून अंगठा फिरवला. “बराचसा तसाच प्रकार,” ते म्हणाले. पण लगेच दुसरी बाजूही सांगितली. हे सगळ्यांना चालत नाही. धातूवर धातू घासतो, म्हणून दरवर्षी रक्त तपासायला यावं लागेल. आणि मुख्य म्हणजे गोळ्याचं हाड आतून भक्कम हवं. फोटोत ते चांगलं दिसतंय, पण खात्री उघडल्यावरच होईल. ठिसूळ निघालं तर टोपी बसवता येणार नाही. पूर्ण सांधा बदलावा लागेल, आणि मग बैठक विसरायची. त्यालाही तयार असल्याची कागदावर सही हवी होती.

मी सही केली आणि एकच अट घातली, की मला झोपवायचं नाही. कमरेखाली बधिर करा, पण मी जागा राहणार. हाड कसं निघालं ते मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भूल देणाऱ्या चिटणीसबाईंनी पाठीत सुई टोचली आणि थोड्या वेळानं माझे पाय माझे राहिले नाहीत. मला डाव्या कुशीवर वळवलं, समोर हिरवा पडदा लावला. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, आत ठोकाठोकी असते, सुतारकाम चालल्यासारखी, लोक घाबरतात. कानाला गाणी लावते किंवा गुंगीचं थोडं औषध देते. मी दोन्हीला नको म्हणालो. सुतारकामाच्या आवाजाला मी घाबरलो असतो तर जन्मलोच नसतो, आमच्या घरात बाळंतिणीची खोली कारखान्याला लागून होती.

बराच वेळ नुसती कुजबुज आणि हत्यारांची किणकिण ऐकू येत होती. मग पडद्यापलीकडून मगदूम म्हणाले, “दस्तगीरभाई, हाड चांगलं आहे. ठरलं तेच करतोय.”

मी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चिटणीसबाईंनी ते कापसानं टिपलं, जसं काही तेही त्यांच्या कामातच धरलेलं होतं.

मग फिरत्या यंत्राची घरघर झाली, वाटीचं हाड आतून खरवडलं गेलं. आणि मग हातोडी सुरू झाली.

भोपळ्याला लाकडी गळा जोडताना आम्ही असंच ठोकतो. जोड पुरता बसला की नाही हे डोळ्यांना कधीच दिसत नाही, कारण तो आत असतो. ते आवाजावरून कळतं. फट राहिली असेल तर ठोका उघडा वाजतो, त्याला शेपूट असते. फट मिटली की तोच ठोका आखूड होतो, घट्ट होतो, शेपूट तुटते. हे कुणी मला शिकवलं नाही. अब्बांच्या शेजारी बसून बसून ते कानात मुरलं.

मी मोजत नव्हतो, नुसता ऐकत होतो. ठण. ठण. ठण. दर ठोक्याला आवाज किंचित चढत होता. पाय माझा नव्हता, पण कमरेच्या हाडातून तो आवाज सरळ डोक्यात येत होता. मांडीला टेकलेल्या भोपळ्याचा यायचा तसाच. कित्येक महिन्यांत मी इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं, आणि खुबा दुखत नव्हता.

हातोडी थांबली. मदतीला असलेले डॉक्टर म्हणाले, “बसली, सर. पुरे.”

कुणीतरी पुढचं हत्यार मागितलं.

“नाही बसली,” मी म्हणालो.

चिटणीसबाई माझ्या तोंडाजवळ वाकल्या आणि दुखतंय का म्हणून विचारलं.

“दुखत नाही. डॉक्टरसाहेब, मागे पोकळी आहे. आवाज अजून उघडा आहे.”

मदतीचे डॉक्टर हसले असावेत, तसा श्वास ऐकू आला. मी कोण, बोलतोय कुणाला, आणि ज्या कानाच्या जोरावर बोलतोय त्याची लाज एका बाईनं भर कारखान्यात काढलेली. चुकलो तर हे दोन्ही डॉक्टर हसतील एवढंच; पण मला मात्र कायमचं कळेल की कान गेला. तरी मी शब्द मागे घेतला नाही. जे ऐकलं ते ऐकलं होतं.

“हातोडी द्या,” मगदूम म्हणाले.

ठण. तोच आवाज, शेपटीसकट. ठण. पुन्हा तोच. तिसरा ठोका त्यांनी जोरात मारला, आणि आवाज बदलला. ठक्. आखूड, घट्ट, भरलेला. पाठोपाठ त्यांनी खात्रीसाठी आणखी एक मारला. ठक्.

“आता बसली,” मी म्हणालो.

“हो,” मगदूम म्हणाले. “आता बसली.”

पुढचं मला फारसं आठवत नाही. टोपी चढवली, सांधा बसवला, शिवलं. त्या सगळ्या वेळात मी कुशीवर पडून रडत होतो आणि हसत होतो, आणि चिटणीसबाई मगदूमना सांगत होत्या की नाडी जरा जोरात आहे पण पेशंट खुशीत दिसतोय.

दुपारी मगदूम वॉर्डात आले. शमशाद शेजारी बसली होती. ते तिलाच म्हणाले की या वाटीला मागे बघायला भोक नसतं, त्यामुळे ती टेकली की नाही ते हातोडीच्या आवाजावरूनच ठरवावं लागतं, आणि ते स्वतःही नेहमी कान लावूनच असतात.

“आज मी थांबलो होतो,” ते म्हणाले. “आणखी तीन ठोके लागतील असं वाटलं नव्हतं. यांना वाटलं.”

ते गेल्यावर मी शमशादला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तक्रारी, भीती, टेबलाशी बसून ऐकताना कान बहिरा झाल्यासारखं वाटायचं ते. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग कान नव्हता गेला तर जवारी का बिघडत होती?

त्याचं उत्तर मिळायला चार महिने लागले.

ते चार महिने मी शहाण्यासारखा वागलो, यावर अजून गल्लीत कुणाचा विश्वास बसत नाही. आधी काठ्या, मग एक काठी, मग व्यायाम. किती वाकायचं, कधीपासून वाकायचं, सगळं डॉक्टर सांगतील तसं. तपासणीला गेलो की मगदूम पाय दुमडून, फिरवून बघायचे आणि अजून नाही म्हणायचे. चौथ्या महिन्यात त्यांनी पाय सगळीकडून फिरवला, फोटो पाहिला आणि फरशीकडे बोट दाखवलं. त्यांच्या त्याच खोलीत, मेहबूब बसला होता त्याच जागेवर, मी मांडी घालून बसलो. नर्सनं कचऱ्याची टोपली माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी स्टूल आणि टेबल माळ्यावर गेलं. मी चटईवर बसलो आणि नाडगौडाबाईंचा तानपुरा पुढ्यात ओढला. भोपळा मांडीला टेकला. तारा सैल केल्या, बाजूला सारल्या, घोडीच्या पाठीवरून कानस फिरवली, तारा पुन्हा चढवल्या, सुरात आणल्या, ऐकलं. जमलं नव्हतं. पुन्हा तारा सैल. पुन्हा कानस. जवारी ही अशीच असते. एका घासण्यात ती कधीच निघत नाही. केसाएवढं घासायचं, तारा चढवायच्या, ऐकायचं, उतरवायच्या.

सहाव्या खेपेला मेहबूब म्हणाला, “झालं की, भाईजान. पुरे.”

आणि माझा हात थांबला. हाच शब्द ऑपरेशनच्या टेबलावर ऐकला होता. तो मला तिथे इतका का खटकला होता ते आता कळलं. तो शब्द माझा होता. दोन वर्षं मी रोज तोच म्हणत आलो होतो. चौथ्या-पाचव्या खेपेला खुब्यात कळ यायची, आणि मी स्वतःशी म्हणायचो, पुरे. कान तेव्हाही सांगत होता की नाही झालं. मीच त्याचं ऐकायचं सोडलं होतं. दुखण्यानं माझा कान नेला नव्हता, त्यानं मला पुरे म्हणायला शिकवलं होतं.

“नाही झालं,” मी म्हणालो आणि तारा पुन्हा सैल केल्या.

चौदाव्या खेपेला तानपुरा बोलला. खर्जाची तार छेडली आणि आवाज उलगडत उलगडत माझ्या मांडीत शिरला, त्या नव्या टोपीपर्यंत गेला असेल, आणि कारखान्यात टांगलेल्या बाकीच्या तंबोऱ्यांच्या ताराही हळूच थरथरल्या. मेहबूबनं हातातला रंधा खाली ठेवला. शमशाद आतून पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली. ती नुसती माझ्या मांडीकडे बघत राहिली.

बाईंना निरोप गेला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. मी चटईवर बसलेला पाहून त्यांनी चपला दारातच काढल्या आणि माझ्यासमोर बसल्या. तानपुरा उभा धरून छेडला. एकदा, दोनदा. मग डोळे मिटले आणि षड्ज लावला. त्यांचा आवाज वयानं थोडा कापायचा, पण त्या दिवशी तो तानपुऱ्यात असा मिसळला की कुठला कुणाचा ते कळेना. अर्धा तास त्या गायल्या. समोरच्या दुकानातली माणसं काम टाकून दाराशी आली होती.

थांबल्यावर त्यांनी तानपुऱ्याच्या दांडीवर हात ठेवला.

“कुठे गेला होता हो तुमचा कान, दस्तगीर?”

“कान जागेवरच होता, बाई,” मी म्हणालो. “बूड जागेवर नव्हतं.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. शमशादनं कपाळाला हात लावला. मेहबूब तानपुरा गवसणीत घालून रिक्षापर्यंत न्यायला पुढे आला, पण मी त्याला थांबवलं.

अब्बांचा तो तानपुरा मी दोन्ही हातांत घेतला. हात रिकामे नव्हते, त्यामुळे उठताना कशाचाच आधार घेता येणार नव्हता. चौकट नाही, भिंत नाही, कुणाचा खांदा नाही. मी पाय जवळ घेतले आणि चटईवरून सरळ उभा राहिलो, आणि बाईंच्या पुढे चालत रिक्षापर्यंत गेलो.